दही, ताक आणि रोगजंतू

वैशाख महिन्यात परभणीस उन्हाचा पारा ४२ अंशांच्या वर चढतो. अशा दिवसांत सकाळी काढलेले दूध न तापविता तसेच ठेवले, तर दुपारच्या आत ते नासते. परंतु त्याच दुधास चांगली उकळी देऊन, ते कोमट झाल्यावर त्यात चमचाभर विरजण घातले, तर संध्याकाळपर्यंत त्याचे दही होते, आणि ते दही दुसऱ्या दिवशीही खाण्यास योग्य राहते. त्याचा आंबटपणा वाढेल. पण त्यास घाण सुटणार नाही. वास्तविक दोन्ही ठिकाणी दूध बदलते ते जंतूंमुळेच. तथापि एक दूध उकिरड्यावर जाते आणि दुसरे ताटात वाढले जाते. असे का व्हावे? गंगाखेड, जिंतूर, सेलू, कोठल्याही गावच्या स्वयंपाकघरात गृहिणी ह्या प्रश्नाचे उत्तर रोज हाताने देत आली आहे. शास्त्रास मात्र ते उत्तर शब्दांत मांडण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली, आणि त्या वाटचालीत थोर पंडितांच्या हातूनही काही चुका घडल्या. त्या शोधाची ही हकीकत आहे.

परभणी जिल्ह्याची भूमी काळी, पीक ज्वारीचे आणि नद्या गोदावरी, पूर्णा व दुधना. नदीस 'दुधना' हे नाव मिळावे, असा हा गुराढोरांचा मुलूख. शेजारच्या कंधार भागातील लाल कंधारी आणि उदगीर भागातील देवणी ही गुरांची दोन नामांकित वाणे ह्याच मराठवाड्यातील. येथील शेतकऱ्याच्या न्याहारीत भाकरीबरोबर ताक असावयाचे, कण्यांवर ताक ओतावयाचे आणि उन्हाळ्यात ज्वारीच्या पिठाची आंबील ताकात करावयाची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. संत जनाबाईंचे गाव गंगाखेड ह्याच जिल्ह्यात गोदावरीच्या काठी आहे. वारकरी संप्रदायात कीर्तन-सप्ताहाची सांगता दहीकाल्याने व्हावी आणि गवळणींत दह्यादुधाच्या माठांचे वर्णन यावे, ह्यात नवल ते कोणते? ज्या समाजाच्या रोजच्या जेवणात दही, त्याच्या देवाच्या प्रसादातही दहीच असणार.

ग्रंथांचा पुरावा ह्याहून जुना आहे. बाराव्या शतकात हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मोडत असे. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे मराठवाड्याच्या सीमेलगतचे आजचे बसवकल्याण. त्या घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर ह्याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या भोजनाचे प्रकरण त्यात सविस्तर असून, दही व ताक ह्यांपासून होणाऱ्या पदार्थांस त्यात मानाचे स्थान आहे. वैद्यकाकडे वळल्यास चरकसंहिता ही त्याहूनही कित्येक शतके आधीची. चरकाने सूज, मूळव्याध आणि ग्रहणी, म्हणजे जुनाट पोटाचा विकार, ह्यांवर ताक हितकर म्हणून सांगितले आहे. त्याच ग्रंथात रात्री दही खाऊ नये, असाही निषेध आहे. दह्याची स्तुती आणि दह्याविषयी सावधगिरी ही दोन्ही एकाच ग्रंथात असावीत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण पुढील साऱ्या इतिहासात ह्या दोहोंचा मेळ ज्यांस राखता आला नाही, ते फसले.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. चरकाने पोटाच्या विकारावर ताक सांगितले, एवढ्यावरून प्राचीनांस रोगजंतू ठाऊक होते, असे अनुमान काढणे योग्य नाही. त्यांस अनुभव होता आणि तो अनुभव सूक्ष्म होता. परंतु कारण माहीत नव्हते. डोळ्यांस न दिसणारे जीव दुधाचे दही करतात, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील रसायनशास्त्रज्ञांसही मान्य नव्हती. आंबणे म्हणजे मृत पदार्थांचे आपोआप होणारे विघटन, अशीच लीबिगसारख्या मोठ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची समजूत होती.

ही समजूत लुई पाश्चर ह्याने मोडून काढली. फ्रान्समधील लील ह्या शहरी तो विज्ञानशाखेचा प्रमुख असताना, १८५७ साली त्याने दूध आंबण्याविषयी आपला निबंध वाचला. आंबलेल्या द्रवाच्या तळाशी करड्या रंगाचा जो थोडासा साका आढळतो, तो सजीव आहे. त्यातील कणभर नव्या साखरेच्या पाण्यात टाकला, तर तेथेही आंबण्याची क्रिया चालू होते आणि त्या कणाची वाढ होते, असे त्याने दाखविले. विचार केला, तर हे आपले विरजणच! कालच्या दह्यातील चमचाभर आजच्या दुधात घालणारी स्त्री पाश्चरचाच प्रयोग त्याच्या जन्मापूर्वी शेकडो वर्षे करीत होती. त्या चमच्यातून जिवंत बीज जाते, हे मात्र पाश्चरने सिद्ध केले.

त्यानंतर वीस-एकवीस वर्षांनी इंग्रज शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टर ह्याने आंबलेल्या दुधातील जंतूंपैकी एकच जात वेगळी करून वाढविली. १८७८ साली त्याने हे काम प्रसिद्ध केले. जखमा जंतुनाशक औषधाने धुण्याची पद्धत रूढ करणारा तो हाच लिस्टर. जखम का कुजते, हे शोधताना तो दूध का आंबते, ह्या प्रश्नाकडे वळला. ठराविक जंतूपासून ठराविकच क्रिया घडते, हे दाखविण्यासाठी दुधासारखा सोपा पदार्थ दुसरा नव्हता. ह्या जंतूस पुढे अनेक नावे मिळाली; आज त्यास लॅक्टोकॉकस लॅक्टिस म्हणतात. आपल्या घरच्या दह्यात जे जंतू नेहमी सापडतात, त्यांपैकी हा एक प्रमुख होय.

येथवर दह्याचे जंतू ओळखू आले होते. परंतु ते माणसाचे मित्र होऊ शकतील, हा विचार मोठ्या आवाजात प्रथम मांडला तो एली मेच्निकॉफ ह्याने. मेच्निकॉफ हा रशियन साम्राज्यातला प्राणिशास्त्रज्ञ. रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंस गिळून टाकतात, हा त्याचा शोध. त्याबद्दल त्यास १९०८ साली पॉल एर्लिख ह्याच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १८८८ पासून तो पॅरिस येथील पाश्चर संस्थेत काम करी. त्याचा मुंबईशी एक दूरचा संबंध पोहोचतो, तोही सांगितला पाहिजे. ओडेसा येथील विद्यापीठात त्याच्या हाताखाली शिकलेला वाल्देमार हाफकिन हा पुढे त्याच्या मागोमाग पॅरिसला गेला, तेथे त्याने पटकीची लस तयार केली आणि १८९३ साली ती घेऊन तो हिंदुस्थानात आला. १८९६ साली मुंबईत प्लेग फुटला, तेव्हा हाफकिनने तेथेच प्लेगची लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आजही त्याच्या नावाने चालते. रोगजंतूंचा पाडाव करण्याच्या ह्या दोन वाटा एकाच गुरुशिष्यांच्या मंडळींतून निघाल्या. शिष्य लशीच्या वाटेने गेला. गुरूने उतारवयात दुधाची वाट धरली.

मेच्निकॉफचा तर्क असा होता. माणसाच्या मोठ्या आतड्यात अन्न कुजविणारे असंख्य जंतू असतात. त्यांचे विष अंगात भिनते आणि त्यामुळे म्हातारपण लवकर येते. दूध आंबविणारे जंतू आम्ल तयार करतात आणि आम्लात कुजविणाऱ्या जंतूंची वाढ खुंटते. मग हेच जंतू आतड्यात पाठविले, तर? बल्गेरियातील शेतकरी दही खातात आणि दीर्घायुषी असतात, अशी तेव्हा ख्याती होती. स्टामेन ग्रिगोरॉफ ह्या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हा येथे १९०५ साली त्या दह्यातील एक दांडीसारखा जंतू वेगळा काढून दाखविला. मेच्निकॉफने १९०४ सालच्या आपल्या पॅरिस येथील व्याख्यानात आणि १९०७ च्या ग्रंथात ह्या मताचा पुरस्कार केला, आणि स्वतःही आंबविलेले दूध नित्य घेऊ लागला. मग काय विचारता! युरोप-अमेरिकेत दह्याच्या गोळ्या, दह्याची भुकटी, दह्याचे जंतू घातलेल्या मिठाया ह्यांचा सुकाळ झाला. आयुष्य वाढविण्याचे औषध सापडले, अशा जाहिराती झळकू लागल्या. स्वतः मेच्निकॉफ १९१६ साली हृदयविकाराने वारला, तेव्हा तो ७१ वर्षांचा होता. बल्गेरियन शेतकऱ्यांची वयेही कोणी जन्मनोंदी पाहून पडताळली नव्हती. आतड्यातील विषाने म्हातारपण येते, हे मत त्याच्या मूळ स्वरूपात पुढे शास्त्राने टाकून दिले.

मेच्निकॉफच्या तर्कातील एक भाग मात्र टिकला, आणि तोच मोलाचा आहे. आंबविणारे जंतू रोगजंतूंस खरोखरच अटकाव करतात. तो कसा, हे आता पाहू.

दुधात सुमारे पावणेपाच टक्के दुग्धशर्करा असते. दह्याचे जंतू ती खाऊन तिचे दुग्धाम्ल करतात. आंबटपणा मोजण्याच्या शास्त्रीय मापास सामू म्हणतात. तो जितका कमी, तितका आंबटपणा अधिक, आणि एक अंक उतरला म्हणजे आंबटपणा दहा पट वाढला, असा हिशेब. ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो. तो ४.६ वर आला की दुधातील केसीन नावाचे प्रथिन गोठते; आपण म्हणतो, दही लागले. चांगल्या दह्याचा सामू साधारण ४.४ असतो. म्हणजे दुधाहून त्याचा आंबटपणा शंभर पटींहून अधिक. पटकीचा जंतू अल्कधर्मी पाण्यात फोफावतो आणि आंबट पदार्थांत फार काळ जगत नाही. विषमज्वराचे व आमांशाचे जंतूही ह्या आंबटपणात वाढू शकत नाहीत, आणि हळूहळू मरू लागतात.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. सारा आंबटपणा सारखाच मारक नसतो. दुग्धाम्लाचे काही कण विद्युत्‌भारित होतात, काही अखंड राहतात. ४.४ ह्या सामूला सुमारे पंचमांश दुग्धाम्ल अखंड स्वरूपात असते. दुधाच्या मूळच्या ६.६ ह्या सामूला तेच प्रमाण हजारी दोनांच्या आसपास उतरले असते. हे अखंड कण जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतात. आतील द्रव तितका आंबट नसल्याने तेथे त्यांचे विघटन होते आणि आम्ल जंतूच्या पोटातच मोकळे होते. ते बाहेर उपसून टाकण्यात त्या जंतूची शक्ती खर्ची पडते. वाढीस काही उरत नाही. गळक्या नावेतले पाणी उपसत बसलेल्या नावाड्यास जशी वल्ही मारता येत नाहीत, तशीच त्याची गत होते.

आम्लाखेरीज आणखीही शस्त्रे आहेत. काही दह्याचे जंतू हायड्रोजन पेरॉक्साइड थोड्या प्रमाणात निर्माण करतात. काही आपल्या जातभाईंस मारणारी प्रथिने सोडतात. १९२८ साली अमेरिकेत दुधातील एका जंतूमुळे दुसऱ्या जंतूची वाढ थांबते, असे आढळले. त्याला कारण असलेल्या प्रथिनास १९४७ साली इंग्लंडमध्ये 'निसिन' हे नाव मिळाले. आज ते अनेक देशांत चीज टिकविण्यासाठी वापरतात. निसिनचा प्रभाव विशिष्ट प्रकारच्या जंतूंवरच चालतो. पटकी-विषमज्वराच्या जंतूंस बाहेरून आणखी एक आवरण असल्याने त्यांच्यापुढे ते एकटे फारसे चालत नाही. शिवाय साधी संख्येचीही गोष्ट आहे. विरजणाबरोबर कोट्यवधी जंतू एकदम दुधात उतरतात. दुधातील अन्न ते भराभर आटोक्यात आणतात. नंतर येणाऱ्या आगंतुकास पंगतीत पान उरत नाही.

आता परभणीच्या उन्हाळ्याकडे परत येऊ. दह्याच्या जंतूंत दोन तऱ्हा आहेत. लिस्टरचा जंतू २५ ते ३० अंशांत सुखी असतो. ग्रिगोरॉफचा दांडीसारखा जंतू आणि त्याचा सोबती स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस ह्यांस ४० ते ४५ अंशांची ऊब मानवते. म्हणून वैशाखात दही दुपारपर्यंत लागते आणि संध्याकाळी फार आंबट होते. पौषात तेच भांडे कांबळ्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवावे लागते. घरच्या विरजणात अनेक जाती एकत्र नांदत असल्याने ऋतुमानाप्रमाणे त्यांतील एकीचा जोर वाढतो, दुसरीचा कमी होतो. दूध आधी उकळावयाचे, ही आपल्याकडील चाल तर ह्या साऱ्यांत शहाणपणाची. कच्च्या दुधातून क्षयाचे व ब्रुसेलोसिस ह्या रोगाचे जंतू येऊ शकतात, आणि त्यांचा बंदोबस्त दह्याच्या आंबटपणावर सोपविणे धोक्याचे आहे. उकळीने शत्रू मरतात, रिकाम्या झालेल्या घरात विरजणाने मित्र वस्तीस येतात, असा हा क्रम आहे.

परंतु भांड्यात जे घडते, तेच पोटात घडेल का? मेच्निकॉफ फसला तो ह्या प्रश्नापाशी. जठरातील आम्ल आणि यकृतातून येणारे पित्त ह्यांतून पार पडून आतड्यात जिवंत पोहोचणे, हे दह्याच्या प्रत्येक जंतूस जमत नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात रेटगर व चेप्लिन ह्यांनी १९२१ च्या सुमारास दाखविले की, बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात मुक्काम करीत नाही. तेव्हा शास्त्रज्ञ मुळात आतड्यातच राहणाऱ्या जंतूंकडे वळले. ह्याची सुरुवात पाश्चर संस्थेतच झाली होती; हेन्री तिसिए ह्याने १८९९ साली अंगावर पिणाऱ्या बालकांच्या आतड्यांत दोन फाटे असलेला एक उपयुक्त जंतू शोधला होता. जपानमध्ये क्योतो येथे मिनोरू शिरोता ह्याने १९३० साली जठराम्ल व पित्त सोसणारा एक जंतू निवडून वाढविला, आणि १९३५ पासून तो घातलेले आंबविलेले दूध 'याकुल्ट' ह्या नावाने विकले जाऊ लागले. अशा निवडक जंतूंस पुढे 'प्रोबायोटिक' हे नाव मिळाले. २००१ साली संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना ह्यांच्या तज्ज्ञांनी त्याची व्याख्या ठरविली : पुरेशा प्रमाणात दिल्यास देणाऱ्याचा नव्हे, घेणाऱ्याचा आरोग्यलाभ सिद्ध झालेला जिवंत जंतू, असा तिचा आशय. व्याख्येतील खरी मेख 'सिद्ध' ह्या शब्दाशी आहे. वाण कोणते, मात्रा किती, कोणत्या रोगावर, हे तीनही प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारावे लागतात.

आपल्या देशात हे प्रश्न विचारले गेले आहेत. कोलकात्याच्या एका दाट वस्तीत एक ते पाच वर्षे वयाच्या ३,७५८ मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांस शिरोताचा जंतू असलेले पेय आणि निम्म्यांस तसेच, पण त्या जंतूविना असलेले पेय बारा आठवडे रोज देण्यात आले. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : जंतू घेणाऱ्या मुलांत अतिसाराचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. लाभ खरा, पण बेताचा. ओरिसाच्या, म्हणजे आताच्या ओडिशाच्या, खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला, तो अधिक उत्साहवर्धक आहे. लॅक्टोबॅसिलस प्लँटारम ह्या जंतूचे एक निवडक वाण, त्याच्या पोषणास लागणाऱ्या शर्करेसह, सात दिवस दिल्यावर रक्तदूषण किंवा मृत्यू ह्यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. येथे दिले गेले ते दही नव्हते, हे लक्षात घ्यावे. ते मोजून-मापून दिलेले एक विशिष्ट वाण होते.

ह्याच्या उलट बाजूही आहे. २०१८ साली अमेरिका व कॅनडा येथील दोन मोठ्या चाचण्यांत, जुलाब सुरू झालेल्या मुलांस प्रोबायोटिक देऊन काही लाभ आढळला नाही. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने अत्यवस्थ असलेल्या रोग्यांस असे जंतू दिले असता, देण्यात आलेल्यांत १६ टक्के व न दिलेल्यांत ६ टक्के मृत्यू झाले, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. निरोगी माणसास निरुपद्रवी असलेला जंतू मरणोन्मुख रोग्यास तसाच राहील, असे धरून चालता येत नाही. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग ह्यांनी २०११ साली नियम ठरविले, तेव्हा वाणाची अचूक ओळख आणि माणसांवरील चाचणी ह्यांचा आग्रह धरला. मेच्निकॉफच्या काळच्या गोळ्यांस असा नियम लागू असता, तर पुष्कळ घरांचा पैसा वाचला असता.

मग घरचे दही कोठे बसते? शास्त्राच्या काटेकोर व्याख्येप्रमाणे ते प्रोबायोटिक नाही. त्यातील वाणे अनोळखी आणि घरोघरी निराळी. परंतु एवढ्याने त्याचे मोल उतरत नाही. ज्यांस दूध पचत नाही, त्यांस दही पुष्कळदा पचते. कारण दुग्धशर्करा फोडणारे पाचकद्रव्य दह्याचे जंतू आपल्याबरोबरच घेऊन येतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने जंतूंविषयीचे अनेक दावे फेटाळले. पण जिवंत जंतू असलेल्या दह्याविषयीचा हा एक दावा २०१० साली मान्य केला. आणि खेड्यात, जेथे दूध थंड ठेवण्याची सोय नव्हती, तेथे दुधाचे दही करणे हीच ते राखण्याची युक्ती होती. रोगजंतूंस अटकाव करण्याचे दह्याचे मोठे काम पोटात होण्याआधी भांड्यातच होऊन गेलेले असते.

मात्र ताकाच्या बाबतीत एक मोठी चूक घडते, आणि ती उन्हाळ्यातच घडते. दही घुसळताना त्यात दुप्पट-तिप्पट पाणी पडते. ते पाणी आडाचे, टाकीचे, टँकरचे कसेही असले, तरी ताक आंबट आहे, तेव्हा बाधणार नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो खोटा आहे. आम्लास आपले काम करण्यास अवधी लागतो. पाण्याबरोबर आलेले रोगजंतू पातळ झालेल्या आंबटपणात ग्लासभर ताक पिऊन होईपर्यंत खुशाल जिवंत राहतात. रस्त्यावरच्या ताकात घातलेल्या बर्फाचीही तीच गोष्ट. शिवाय काही जंतू आंबटपणासही दाद देत नाहीत. १९९१ साली इंग्लंडच्या वायव्य भागात आतड्याचा व मूत्रपिंडाचा घात करणाऱ्या एका ई. कोलाय जंतूची साथ दह्यातूनच पसरली होती. दही आपल्या भांड्याचे रक्षण करते, ते त्या भांड्यात स्वच्छ दूध, स्वच्छ विरजण व स्वच्छ हात असतील तेव्हाच.

आणि मूल जुलाबाने सुकू लागले असेल, तेव्हा पहिला विचार जंतू मारण्याचा करावयाचा नसतो. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली. बोनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, साखर व पाणी ह्यांचे मिश्रण तोंडाने पाजून मृत्यूचे प्रमाण शेकडा तीस वरून शेकडा चारांच्या आत आणले. रोगी दगावतो तो अंगातील पाणी व क्षार गेल्यामुळे. ते आधी भरून काढावयास हवेत. मीठ घातलेले ताक हे अशा वेळी घरी देण्यास योग्य पेयांपैकी एक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण ते उकळून गार केलेल्या पाण्यात केलेले असावे, आणि क्षारसंजीवनीच्या पुडीचा व वैद्याच्या सल्ल्याचा मान त्यास देऊ नये. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर ताकाची वाटी खाली ठेवून दवाखाना गाठावा.

परभणीस हा विषय परका नाही. निजामी राजवटीत १९१८ च्या सुमारास येथे शेतीसंशोधनास आरंभ झाला. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील झाल्यावर, १९५६ साली कृषी महाविद्यालय आणि १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ निघाले. त्यास आता वसंतराव नाईक ह्यांचे नाव आहे. १९७६ पासून तेथे अन्नतंत्रज्ञानाचे महाविद्यालयही चालू आहे. एके काळी जे ज्ञान लील, पॅरिस व क्योतो येथून यावयाचे, ते शिकण्याची व पडताळण्याची जागा आता ह्या जिल्ह्याच्या गावीच आहे. येथल्या खेड्यांतील विरजणांत कोणते जंतू नांदतात, हा तर ह्या मातीतलाच प्रश्न. बाजारातून आयते दही येऊ लागल्यापासून पिढीजात विरजणे एकेका घरातून नाहीशी होत आहेत. एकदा मोडलेले विरजण शेजारणीकडून मागून आणता येते; शेजारणीकडचेही गेले, म्हणजे ते कोठून आणावयाचे?

रात्री जेवणे आटोपल्यावर घरधनीण दूध उकळते, करंगळी बुडवून त्याची ऊब पाहते, कालच्या दह्यातील चमचाभर त्यात घोळते आणि भांड्यावर झाकण ठेवते. पाश्चरपासून आजपर्यंतच्या संशोधनाने तिच्या ह्या कृतीतील प्रत्येक पायरीस कारण दिले आहे. तिने फक्त करंगळी आधी साबणाने धुवावी, आणि सकाळी ताक करताना पाणी उकळलेले घ्यावे. बाकीचे काम ते जंतू रात्रभरात करून ठेवतील.